सही न करता केलेलं काम

माझे हात लहानपणापासून शिवशिवतात. चालू असलेली वस्तू का चालते हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि बघून झाल्यावर ती पूर्वीसारखी चालेलच याची खात्री नसते. आई म्हणायची, "हिला घड्याळ दावू नका, ही काटं मोजाय बसंल." पायालाही भिंगरी. खरं तर माझ्यासारख्या माणसाने चंदीगडात राहूच नये. सरळ रस्ते, चौकोनी सेक्टर, प्रत्येक चौकात तसाच गोल आणि त्यात तशीच फुलं. कितीही वळा, वळल्यासारखं वाटत नाही. साताऱ्याकडचे पाहुणे आले की खिडकीतून बघत म्हणायचे, काय शिस्त आहे हो! मला त्या शिस्तीचा मनापासून राग यायचा.

तसाच राग आप्पांच्या शिस्तीचाही यायचा. आप्पा म्हणजे माझे वडील. अठराव्या वर्षी गाव सोडून हवाई दलात भरती झाले आणि जन्मभर इंजिन फिटर राहिले. शेवटची पोस्टिंग चंदीगडला, वर बर्फातल्या ठाण्यांना सामान पोचवणाऱ्या मोठ्या विमानांवर. निवृत्तीनंतर गावी परतायचं होतं. ते आधी माझ्या कॉलेजमुळे लांबलं, मग माझ्या नोकरीमुळे, आणि आम्ही तिघं सेक्टर बावीसमध्ये एका पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत राहिलो. खाली दुकानं, दोन रस्ते ओलांडले की बस स्टँड, आणि आमच्या घरात सकाळी सकाळी ज्वारीची भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारी गावाहून कुणी ना कुणी घेऊन यायचं.

आप्पांची एक लाल पुठ्ठ्याची वही होती. गाडीची वही. विमानाला ज्याने हात लावला त्याने काय केलं ते लिहून खाली सही करायची, आणि ती सही झाल्याशिवाय विमान उडायचं नाही, हा त्यांच्या कामाचा नियम. तोच त्यांनी घरी आणला. किती किलोमीटर झाले, तेल कधी बदललं, कोणत्या चाकात हवा कमी होती, सगळं लिहायचं आणि खाली सही. स्वतःच्याच वहीत स्वतःचीच सही! मी हसायचे. ते म्हणायचे, "सही न्हाई म्हंजी काम झालंच न्हाई." नोंद चुकली तर खोडरबर चालायचा नाही. लाल पेनाने एकच रेघ मारायची, आणि रेघेखालचा शब्द वाचता आला पाहिजे. चूक लपवायची नाही, नुसती चूक आहे असं दाखवायचं.

दुसरा एक नियम त्यांनी मला अगदी लहानपणी सांगितला होता. इंजिनाबद्दल तक्रार लिहायच्या आधी स्वतःला तपासायचं. आपण काटा नीट वाचला का, आपला हात बरोबर पडला का, कानात पाणी तर गेलं नाही. आधी माणूस, मग मशीन. हा नियम मी ऐकला होता, पाठही होता, आणि ऐन वेळी मला तो आठवला नाही. बाकीची सगळी गोष्ट त्यातूनच झाली.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे छोटी पेट्रोल गाडी होती. देशात नवं नवं काय काय यायला लागलं होतं, शेजारच्यांकडे रंगीत टीव्हीवर पन्नास चॅनेल दिसत होती, आणि आमच्याकडे रविवार म्हणजे कार्बोरेटर. आप्पा इंजिन चालू ठेवून एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे. त्याचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कमी-जास्त करायला एक बारका स्क्रू असतो, तो पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मग एका क्षणी डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोलतंय." मला बॅटरी धरून उभं केलेलं असायचं. मी पाय बदलत उभी, आणि मला त्या आवाजात काहीही वेगळं ऐकू यायचं नाही. त्याचाही राग यायचा.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि मोहालीला, सेक्टर सदुसष्टमधल्या औषधांच्या संस्थेत यंत्रं सांभाळायला लागले. औषधात काय किती आहे हे मोजणारी महागडी यंत्रं. त्यांना हात लावायचा तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या क्रमाने, आणि बाकीचे दिवस ती नीट चालली आहेत हे बघत बसायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच. दुपारी जेवणानंतर मी आवारात फेऱ्या मारायचे तेव्हा तिथली मुलं म्हणायची, "मॅडम, आप बैठते क्यों नहीं?"

मग आप्पांनी डिझेल गाडी घेतली. नव्या पद्धतीची, कॉम्प्युटरवर चालणारी. ती घेण्यामागे त्यांचं एक स्वप्न होतं आणि ते घरात सगळ्यांना पाठ होतं. चाळीस वर्षं ते सुट्टीला रेल्वेने गावी गेले होते, ट्रंक घेऊन, कधी उभ्याने. आता एकदा स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या हाताने, आईला शेजारी बसवून चंदीगडहून थेट गावच्या मारुतीच्या पारापर्यंत जायचं. लाल वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी मुक्काम लिहून ठेवले होते. फेब्रुवारीत निघायचं, थंडी ओसरली की.

गाडी आली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं. वर काळं प्लास्टिकचं झाकण, बाजूला तारांचा जुडगा आणि एक बंद डबा. कुठेही फिरवायला स्क्रू नाही. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ते थोडा वेळ उभे राहिले.

"आप्पा, आता सगळं त्या डब्यात असतं," मी म्हणाले.

"असंल. पर डब्याला कान असतोय व्हय?"

हे वाक्य मला लागलं. त्यात माझं सगळं शिक्षण त्यांनी एका फटक्यात मोडीत काढल्यासारखं वाटलं. त्यांना तसं काही म्हणायचं नव्हतं, हे आज कळतं.

त्या डब्याच्या नादाने मी मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात जाऊ लागले. तिथे एक सरदारजी होते, पन्नाशीचे, डिझेल पंप दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली होती. सगळे त्यांना पाजी, म्हणजे दादा, म्हणत, मीही म्हणायचे. त्यांच्या भाच्याने परदेशातून त्यांना एक लॅपटॉप, एक केबल आणि एक प्रोग्रॅम आणून दिला होता. गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर काढून, बदलून, परत आत घालायचं. त्याला रीमॅप म्हणतात. पंजाबातल्या पोरांना गाडी पळवायची हौस, तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं होतं. पण पाजींना पडद्यावरचे आकडे बघून चक्कर यायची. मला आकडे कळायचे, इंजिन कळत नव्हतं. आमचं जमलं. दर शनिवारी मी आकडे वाचायचे आणि पाजी त्यांचा अर्थ सांगायचे.

काम असं असतं. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात केबल लावली की डब्यातली सगळी माहिती लॅपटॉपवर उतरते. बघायला गेलं तर नुसती आकड्यांची रास, पानंच्या पानं. पण त्या राशीत तक्ते लपलेले असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला पाय किती दाबला आहे, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: इतक्या फेऱ्यांना, इतक्या पायाला, इतकं डिझेल. पंगतीत वाढणारा पानाकडे बघतो, माणसाकडे बघतो आणि किती वाढायचं ते ठरवतो, तसं. फक्त हा वाढपी विचार करत नाही, तक्ता बघतो. असे तक्ते अनेक. डिझेल किती दाबाने फवारायचं त्याचा एक, नेमकं कधी फवारायचं त्याचा एक, टर्बोने हवा किती कोंबायची त्याचा एक. आणि एक तक्ता आवर घालणारा: हवा एवढीच असेल तर डिझेल याच्या वर द्यायचं नाही, नाहीतर काळा धूर.

"कंपनीवाले हाथ रोक के देते हैं," पाजी म्हणायचे. कारण गाडी विकताना कंपनीला माहीत नसतं की ती कोण चालवणार, कुठे चालवणार. डिझेल भेसळीचं असेल, राजस्थानचा उन्हाळा असेल, सिमल्याचा चढ असेल, मालक तेल बदलायला विसरणारा असेल. म्हणून सगळीकडे थोडी जागा राखलेली असते. रीमॅप करणारा ती राखलेली जागा खातो. जास्त खाल्ली तर क्लच घसरतो, टर्बो जातो, इंजिन तापतं. पाजी चौकटीत दोन आकडे वाढवायचे आणि मला हात धरून थांबवायचे. "बस. लालच नहीं करना, पुत्तर."

आकडे बदलल्यावर सगळ्या फाइलची एक बेरीज जुळवावी लागते. ती जुळली नाही तर डबा म्हणतो, हे माझं नव्हे, आणि गाडी सुरूच होऊ देत नाही. आणि नवी फाइल आत लिहिताना बॅटरी उतरता कामा नये. चार्जर लावून ठेवायचा, पंखा, रेडिओ, दिवे बंद, दार उघडायचं नाही. मध्येच वीज गेली तर डबा अर्धा जुना, अर्धा नवा होऊन मरतो. ती काही मिनिटं मी श्वास धरून बसायचे. पट्टी सरकत जायची आणि माझ्यातली सगळी तगमग तेवढ्यापुरती थांबायची. आयुष्यात मी शांत बसले असेन तर ती तेवढीच मिनिटं.

आता आप्पांच्या गाडीकडे येते. टाळायचं म्हटलं तरी यावंच लागेल.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आप्पा आणि आई हवाई दलातल्या एका मराठी कुटुंबाकडे पूजेला गेले. तिकडून न्यायला गाडी आली होती, त्यामुळे आमची गाडी खाली उभी होती. पाजींचा लॅपटॉप मी आदल्या दिवशीच मागून घरी आणून ठेवला होता. मी वरून खिडकीतून वायर सोडली, चार्जर लावला, आणि मूळ फाइल उतरवून घेतली. मग डिझेल थोडं वाढवलं, टर्बो थोडा वाढवला, आणि शेवटी पायाचा तक्ता बदलला. ही सोपी युक्ती असते. पाय थोडाच दाबला तरी डब्याने समजायचं की बराच दाबला. गाडी चपळ वाटते, चालवणारा खूश होतो. लिहून झालं, चार्जर काढला, वायर वर ओढली. संध्याकाळी आई साखरेचा प्रसाद हातावर ठेवत म्हणाली, "काय केलंस दिवसभर?" मी म्हणाले, "काही नाही."

वहीत लिहिलं नाही. सही केली नाही. मला गंमत करायची होती. माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं: आप्पा सोमवारी गाडी काढतील, त्यांच्या त्या कानाला फरक कळेल, ते बॉनेट उघडून बुचकळ्यात पडतील, शेवटी मला विचारतील, आणि मी ऐटीत सांगेन की हे तुमच्या स्क्रूड्रायव्हरने नव्हे, माझ्या केबलने झालं. एकदा तरी त्यांनी म्हणावं, "हां. आता बोलतंय." तिशीला टेकलेली बाई मी, पण वडिलांच्या तोंडून एवढं ऐकण्यासाठी मी त्यांची गाडी न विचारता बदलली.

सोमवारी ते गाडी घेऊन गेले आणि आले. काही बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. मी वाट बघत होते, उगाच स्वयंपाकघरात आत-बाहेर करत होते. बॉनेट काही उघडेना. बुधवारी मीच विचारलं, "गाडी कशी आहे, आप्पा?"

"गाडी बरी हाय," ते म्हणाले. 'गाडी' शब्दावर त्यांनी जरा जोर दिला, असं मला नंतर आठवलं.

त्या आठवड्याच्या शेवटी बस स्टँडच्या चौकात सिग्नल सुटला आणि गाडी एकदम पुढे झेपावली. समोर सायकलरिक्षा होती. आप्पांनी ब्रेक दाबला, गाडी रिक्षापासून वीतभर अंतरावर थांबली. कुणाला काही झालं नाही. रिक्षावाल्याने दोन शिव्या दिल्या आणि गेला. आई शेजारी बसली होती, तिच्या मांडीवरची भाजी खाली सांडली. त्यानंतर आप्पांनी गाडी घरी आणली ती अगदी पहिल्या गिअरवर, मागचे हॉर्न वाजवत असताना.

दुसऱ्या दिवसापासून ते बाजारात पायी जायला लागले. मी ऑफिसातून आले की ते खुर्चीत बसलेले दिसायचे, उजवा पाय स्टुलावर. शेवटी आईने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मागच्या वर्षी आप्पांना साखर निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पायाच्या तळव्याची जाणीव कमी होते, लक्ष ठेवा. "त्यास्नी वाटतंय पाय ग्येला. किती दाबला त्ये कळंना म्हणत्यात. काल रातच्याला मला सुई टोचून बघायला लावली तळव्याला."

"मग? कळलं?"

"कळलं की. पर त्यांचा इस्वास न्हाई. गावाला रेल्वेनं जाऊ म्हणत्यात."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आधी माणूस, मग मशीन. त्यांनी आपल्या नियमाप्रमाणे आधी स्वतःला तपासलं होतं, आणि दोष स्वतःत सापडला म्हणून ते बॉनेटपर्यंत आलेच नव्हते. मला त्याच क्षणी उठून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त. मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूळ फाइल परत घातली की गाडी पूर्वीसारखी, आप्पा पूर्वीसारखे, कुणाला काही कळायचं कारण नाही.

आप्पा दुपारी झोपले असताना मी ते केलं. पट्टी सरकली, बेरीज जुळली, गाडी जशी दारात आली होती तशी झाली. मग दोन दिवस मी त्यांच्या मागे लागले: आप्पा, एकदा चालवून बघा, सहज, एक चक्कर. ते नको नको म्हणत शेवटी उठले. मी शेजारी बसले.

आता ऐका माझ्या शहाणपणाचं फळ. ते आठवडाभर पाय हलका ठेवायचा सराव करत होते. खुर्चीत, स्टुलावर. गाडी आता साधी झाली होती आणि पाय हलका. चौकात सिग्नल सुटला, त्यांनी जेमतेम पाय टेकवला, गाडी जागची हलली, गुदमरली आणि बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. एक पोरगा काच खाली करून ओरडला, "अंकल जी, घर बैठो!" आप्पांनी किल्ली फिरवली, परत तेच. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. घराखाली आल्यावर त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"परवा जास्त, आज कमी. मशीन असं करत न्हाई, बाळ. मशीन बिघडलं तर एकाच बाजूला बिघडतंय. ह्यो पायच."

ते जिना चढून गेले. मी गाडीतच बसून राहिले. माझ्या हाताने मी दुसऱ्यांदा तेच केलं होतं, आणि या वेळी पुरावाही दिला होता.

शनिवारी पाजींना सांगितलं. ते हातातला पाना पुसत ऐकत होते. त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं, कारण ते सगळ्यावर हसायचे. ते हसले नाहीत. म्हणाले, "गड्डी तां तूं ठीक कर लई. पिओ कौण ठीक करूगा?" गाडी केलीस ठीक, बाप कोण ठीक करणार? मग माझ्या हातातून लॅपटॉपची पिशवी घेतली आणि त्यात स्वतःचा चांगला चार्जर घातला. "जा. अज्ज ही दस्स." आजच सांगून टाक म्हणे.

घरी आले तेव्हा आप्पा शेंगा सोलत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पूजेच्या रविवारपासून. बसून सांगणं मला जमलं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, तेच वाईट होतं. त्यांनी शेंगांची टरफलं बाजूला केली आणि माझ्याकडे फार मायेने बघितलं.

"माझी समजूत घालाय आलीस व्हय?"

"आप्पा, खरं सांगतेय. मी केलं."

"वहीत कुठं हाय? तू गाडीला हात लावला आसतास तर नोंद केली आसतीस. तू माझी पोरगी हायस."

मला रडू कोसळलं. चाळीस वर्षं त्यांनी जे मानलं ते माझ्याबद्दलही मानलं होतं, आणि त्या विश्वासापुढे माझ्या खऱ्याची किंमत शून्य झाली होती. मी लॅपटॉप उघडला, दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या, बदललेल्या चौकटी लाल दिसत होत्या. ते म्हणाले, मला यातलं काय कळतंय. मग मला सुचलं. फाइल जपून ठेवली ती तारीख आणि वेळ तिच्यावर असते. मी लाल वही आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. फाइलवर पूजेचा रविवार. वहीत दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्यांच्या सुबक अक्षरात नोंद होती. किलोमीटर, मग तीन शब्द, मग सही.

"पिकअप जास्त. पाय?"

मूळ फाइल परत घातली त्याची तारीख प्रोग्रॅमने नोंदवून ठेवली होती. वहीत त्याच्या दोन दिवसांनी: "पिकअप कमी. पाय." त्या खेपेला प्रश्नचिन्ह नव्हतं.

आप्पांनी चष्मा लावला. तारखा एकदा वरून खाली, एकदा खालून वर बघितल्या. आई दारात येऊन उभी राहिली होती, पदराला हात पुसत. मग ते उठले.

"परत कर. माझ्यासमूर."

आम्ही खाली गेलो. उन्हं अजून होती. मी चार्जर लावला, ते माझ्याशेजारी बसले, पट्टी सरकताना माझ्यासारखेच श्वास धरून. बदललेली फाइल आत गेल्यावर त्यांनी सेक्टरला एक फेरी मारली. परत आलो, मूळ फाइल घातली, परत एक फेरी. दोन्ही खेपांना त्यांनी आवाजाकडे कान दिला होता. दुसऱ्या फेरीनंतर गाडी बंद करून ते उजव्या पायाकडे बघत बसले. मला वाटलं, आता रागावतील. मला हवं होतं त्यांनी रागवावं.

"आत काय हुतं त्ये मला समजलं न्हाई," ते म्हणाले. "पर दोन्ही टायमाला येगळं बोललं, ह्ये समजलं."

वर आल्यावर त्यांनी मला नोंदी लिहायला लावल्या. तारीख आजची, काम कधी केलं ते वेगळं. काय बदललं, मूळ काय होतं, परत कधी घातलं. मी लिहिलं आणि प्रत्येक नोंदीखाली सही केली. मग त्यांनी लाल पेन माझ्या हातात दिलं आणि 'पाय?' आणि 'पाय' या दोन शब्दांवर बोट ठेवलं. "चुकीच्या नोंदी हाईत. ज्याच्यामुळं चुकल्या त्यानं रेघ मारायची." मी रेघा मारल्या. दुसरी रेघ वाकडी गेली. ते वाकून बघत होते, शब्द वाचता येतो की नाही. येत होता.

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर बरेच महिने तो विषय घरात निघाला नाही, आणि मीही आप्पांच्या गाडीला त्यानंतर केबल लावली नाही. शनिवारी मात्र मोटर मार्केटात जात राहिले. पाजींना मी एक वही आणून दिली. आधी ते हसले, मग लिहायला लागले.

फेब्रुवारीत आप्पा आणि आई गाडीने निघाले. पहाटेच्या धुक्यात आईने डॅशबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं, डब्यात धपाटे, चटणी, सगळं. आप्पांनी काच खाली केली आणि शेजारपाजार जागा होईल अशा आवाजात मला विचारलं, "काय केलं न्हाईस न्हवं?" मी म्हणाले, "नाही आप्पा." ते हसले, आई हसली, मीही हसले. गाडी सुरेख निघाली. मुलगी म्हणून मला त्या दिवशी फार सुटल्यासारखं वाटलं. मारुतीच्या पारापाशी गाडी पोचली तेव्हा सगळा गाव बघायला आला होता, असं आईने फोनवर सांगितलं.

दोन महिन्यांनी ते परत आले. आप्पा आंघोळीला गेले असताना मी लाल वही उघडली. जाताना आणि येताना त्यांनी प्रत्येक मुक्कामाची नोंद ठेवली होती. जयपूर, उदयपूर, बडोदा, पुणे. किलोमीटर, डिझेल, चाकांची हवा, तेल. इतकी वर्षं त्या वहीत फक्त गाडी असायची, रेघ मारलेले ते दोन शब्द सोडले तर स्वतःबद्दल त्यांनी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक मुक्कामाला, सहीच्या आधी, शेवटची ओळ एकच होती.

इंजिन ठीक. पाय ठीक.

मी पानं उलटत गेले. स्वतःला तपासल्याशिवाय त्यांनी एकही मुक्काम सोडला नव्हता. मूळ फाइल माझ्याकडे अजून जपून ठेवलेली आहे.